काकांनी नाव बदललेली फाइल

आमच्या काकांनी आयुष्यभर सरकारी दफ्तरात फाइली सांभाळल्या. जुन्या फाइलीला नवं कव्हर घालायचं, वर नवं नाव लिहायचं आणि ती पुढच्या टेबलावर सरकवायची. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की नाव बदललं म्हणजे वस्तू बदलली, अशी त्यांची पक्की समजूत झाली. त्या समजुतीपायी मी अख्खा आठवडा रेडिओ स्टेशनच्या कॉम्प्युटरशी भांडत बसले.

मी ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कॉलेजचं स्वतःचं छोटं रेडिओ स्टेशन आहे, आणि तिथल्या मशीनची दुखणीही माझ्याच गळ्यात. रविवारी सकाळी तिथे अर्धा तास मराठी असतं. त्यासाठी काकांनी नई सडकच्या घरी बसून फोनवर एक आठवण रेकॉर्ड केली. आत्याच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला नाना, म्हणजे त्यांचे वडील आणि माझे आजोबा, दोघा भावंडांना घेऊन सराफ्यात गेले होते, त्या दिवसाची.

ऐकणारं म्हणून त्यांच्या मनात एकच माणूस होतं. आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला असते. तिला आता जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे रेडिओ दिवसभर उशाशी. काकांनी बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, "तू आणि रेडिओवर? मी तर ऐकल्याशिवाय नाही मानणार." बाकी कुणी ऐकलं नसतं तरी काकांना चाललं असतं. आत्याने ऐकायला हवं होतं.

तो रविवार उजाडला. काका नवा कुर्ता घालून रेडिओसमोर बसले, जणू पलीकडून कुणाला ते दिसणार होते. निवेदिकेने त्यांची ओळख करून दिली. मग शांतता. मग एकदम एका सिनेमाचं गाणं. थोड्या वेळाने फोन वाजला.

"छान गायलास," आत्या म्हणाली. "आवाज जरा बायकी झालाय, बस."

काका हसले, पण चहा तसाच निवून गेला. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि मशीनचा भयंकर राग आला.

सोमवारी स्टेशनच्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, "मैडम, देख लीजिए. अगले संडे फिर सन्नाटा हुआ तो ये आधा घंटा भजनों को दे देंगे."

कार्यक्रम वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने पडद्यावर 'कोडेक एरर' असं लिहून हात वर केले होते. कोडेक म्हणजे आवाज आवळून बांधायची आणि पुन्हा सोडायची पद्धत. बांधलेलं सोडता आलं नाही की हे सॉफ्टवेअर मुकाट्याने थांबतं आणि पुढचं गाणं लावतं. मी कोडेक काढून पुन्हा टाकले. सॉफ्टवेअर नव्याने बसवलं. केबलचा काही दोष नव्हता, पण रागाच्या भरात तीही बदलली. वैताग असा की तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर खणखणीत वाजायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या सॉफ्टवेअरला मी तोंडावर सुनावलं.

शेवटी काकांनाच विचारलं, फाइल पाठवली कशी?

"पहिले तर तुमच्या स्टेशनने वापस केली," ते म्हणाले. "फक्त एमपीथ्री चालेल म्हणे. मग मी नाव बदललं ना. नावाच्या शेवटी एमपीथ्री लिहून दिलं. मान्य झाली लगेच."

मी डोक्याला हात लावला आणि मग पोट धरून हसले. फोनने दुसऱ्याच पद्धतीने बांधलेलं गाठोडं होतं, काकांनी फक्त कव्हर बदललं होतं. माझा लॅपटॉप आत डोकावून पाहणारा, म्हणून तो वाजवायचा. स्टेशनचं सॉफ्टवेअर मात्र पक्कं सरकारी, वरचं नाव वाचून विश्वास ठेवणारं. काकांच्या दफ्तरात त्याला सहज बढती मिळाली असती.

फाइल खरोखरची एमपीथ्री करायला चहा उकळण्याइतका वेळ लागला. स्टेशनवर लावली, "नमस्कार" एवढं ऐकलं आणि विजयी मुद्रेने घरी आले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

रविवारी काकांनी तोच कुर्ता घातला. यावेळी आवाज आला. पण तो संथ होता, भारदस्त होता. काकांचा आवाज पातळ, बोलणं घाईचं, आणि इथे कुणीतरी शब्द तोलून तोलून टाकत होतं. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "हा मी?"

माझ्या लगेच लक्षात आलं. फोनने एका गतीने रेकॉर्ड केलं होतं आणि स्टेशनचं मशीन त्याहून जरा सावकाश वाजवत होतं, म्हणून आवाजही जाड झाला होता. घाईत मी ती सेटिंग बघितलीच नव्हती. तिकडे रेडिओवर गोष्ट सराफ्यात पोचली होती आणि काका नानांची नक्कल करत होते: "सेठजी, तराजू जरा हमारे तरफ फिरवो." घरातले सगळे हसले. काका हसले नाहीत. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. आत्याच होती. मी घाईघाईने म्हटलं, "आत्या, गती चुकली होती. बुधवारी पुन्हा लावणार आहेत, तोवर ठीक करून देते."

"हात नको लावूस त्याला," ती म्हणाली. आवाज ओला होता. "तुला माहीत नाही तू कोणाला लावलंस ते."

काका हळूच म्हणाले, "अक्का, मलाही तसंच वाटलं. नाना."

माझ्या जन्माआधीच आजोबा गेले. त्यांचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, त्यात त्यांचं तोंड मिटलेलं आहे.

बुधवारी ती फाइल मी तशीच लावली. साहेबांनी विचारलं, "मैडम, थोड़ा स्लो नहीं चल रहा?" मी म्हटलं, "ठीक है, सर." आणि दार लावून, हेडफोन घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत आजोबांना ऐकलं.