मनकर्णाचा घाट

तुकुमटोल्यात मनकर्णा भानारकरबद्दल कोणी चांगलं बोलत नसे, आणि तिलाही कोणाबद्दल चांगलं बोलायची सवय नव्हती. सिंदेवाहीच्या पुढं झाडीत हे गाव. गावाला लागून मोठा तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, धीवरांची घरं. तिचा बाप जाळं टाकायचा, हिवाळ्यात शिंगाडे काढायचा. मनकर्णा लहान असताना तिला ताप आला आणि तापानं डावा पाय नेला. पुढं सगळं अंग वाढलं, तो पाय तेवढा वाळक्या शेंगेसारखा लोंबत राहिला. आई नव्हती, म्हणून बाप तिला डोंग्यात, आपल्या छोट्या होडीत, बसवून सोबत न्यायचा. एका सकाळी ती डोंग्यातून पडली की आपणहून उतरली, हे तिनं कधी सांगितलं नाही. बापानं वळून पाहिलं तर पोरगी पाण्यावर होती आणि हसत होती.

जमिनीवर तिला दोन घरं ओलांडायला काठी लागे, वर लोकांची कीव लागे ती वेगळीच. पाण्यात काहीच लागत नसे. त्यामुळं जमिनीवरच्या माणसांना ती मोजतच नसे. तिचं लग्न झालं ते नथ्थूशी. तो घरजावई आला, कारण त्याच्या गावच्या तलावाचं पाणी चैत्रातच आटायचं. भला, भित्रा माणूस. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. मनकर्णा त्याला लोकांदेखत ‘मुका झिंगा’ म्हणायची आणि तो मान खाली घालून जाळं विणत बसायचा. तेव्हा ती काही देवी नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सत्तावन्न सालच्या पौषात धान निघालं आणि गावात शहाणी माणसं आली. दूरच्या शहरातलं शारीरिक शिक्षणाचं एक महाविद्यालय होतं, त्याचं शिबिर. आमराईत तंबू लागले. प्राध्यापक आगटे हे त्यांचे मुख्य. पांढरी विजार, गळ्यात शिट्टी, आणि ज्या गावात आपण उभे आहोत त्या गावाला अजून हातपाय फुटायचे आहेत असा चेहरा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ग्रामीण जनतेला शरीर कसं हलवावं हे ठाऊक नाही. ही जनता तेव्हा नुकतीच धानाचे भारे डोक्यावरून खळ्यात टाकून आली होती. तिला रांगेत उभं करून हात वर, हात खाली करायला लावलं. गावचा सरपंच बापूजी, कालपरवापर्यंतचा मालगुजार, खुर्चीवर बसून लोकांना हात नीट वर करा म्हणून दटावत होता. त्याचे स्वतःचे हात पानाच्या डब्याच्या वर कधी गेले नव्हते.

दुपारी संशोधन चाले. म्हणजे माणसांना फितीनं मोजायचं. गुडघे, पोटऱ्या, छाती, श्वास. लोक मोजून घेत, कारण बापूजीनं सांगितलं होतं आणि मोजणीनंतर गूळ-चणे मिळत. मनकर्णाला कोणीतरी जाऊन बोलावून आणलं. आगट्यांनी तिला उघड्या तंबूतल्या बाकावर बसवलं, विद्यार्थ्यांचं कोंडाळं केलं आणि हातातल्या छडीनं तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. मग त्या पायावर छडी ठेवून ते इंग्रजीत बराच वेळ बोलले. पोरं मान डोलवत होती. बाहेर गाव उभं होतं.

तिनं विचारलं, साहेब काय म्हणून राह्यले? एका विद्यार्थ्यानं अवघडून सांगितलं, की हा पाय निकामी आहे, तुम्ही श्रम करू नयेत, आणि पाण्यात तर मुळीच उतरू नये, जिवाला धोका आहे.

जिची जीभ सापासारखी चालायची ती मनकर्णा लुगडं खाली ओढून घरी आली. तिला धोक्याचं काही वाटलं नव्हतं. त्या छडीचं वाटलं. नथ्थूनंसुद्धा आजवर तो पाय उजेडात पाहिला नव्हता. ती दोन दिवस तलावावर गेली नाही आणि नथ्थूला तिनं शिवीही दिली नाही. तेव्हा मात्र तो घाबरला.

शिबिराच्या शेवटी समारंभ होता. चांद्याहून जीपमधून एक अधिकारी आले. पाळीवर मांडव पडला आणि वर कापडी पाटी लागली, ‘सर्वांसाठी क्रीडा’. सर्वांत कोण येतं ते लवकरच कळलं. जवान गड्यांसाठी पोहण्याची शर्यत, पाळीपासून समोरच्या घाटापर्यंत. पोरांसाठी धावणं. आणि लुळ्यापांगळ्यांसाठी मांडवात एक सतरंजी. तिच्यावर मनकर्णाला बसवलं. शेजारी आंधळा जंगू आणि खैरुनबाई. ही खैरुनबाई गावोगाव बांगड्या विकून पायांनी बसली होती. तिचे गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. त्यांनी चिंध्यांचा चेंडू टोपलीत टाकायचा होता. टोपली इतकी जवळ ठेवली होती की चेंडू हातातून सुटला तरी आतच पडावा. जंगूचा हात धरून एका विद्यार्थ्यानंच चेंडू टाकला. टाळ्या झाल्या. आगटे म्हणाले, यांच्यात हरलेलं कोणीच नाही, सगळेच पहिले. प्रत्येकाला साबणाची एकेक वडी मिळाली. पाहुण्या अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले. त्यांचे लवकर पाणावत असावेत.

मनकर्णानं वडी सतरंजीवर ठेवली आणि काठी घेऊन उठली. आगट्यांपुढं जाऊन म्हणाली, “माहं नाव पोहण्यात घाला.”

आगटे हसले. समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं, की बाई, ती स्पर्धा पुरुषांची आहे, आणि तुमच्यासारख्यांसाठी आपण वेगळी सोय केलीच आहे. बापूजी मागून ओरडला की खाली बस, पाहुण्यांसमोर गावाची शोभा करू नको.

ती खाली बसली नाही. पाळ उतरून गेली, काठी चिखलात रोवली, काष्टा आवळला आणि शिट्टी झाली तशी गड्यांबरोबर पाण्यात शिरली.

ती पहिली आली असती तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. आली नाही. दोघं धीवर पोरं तिच्या पुष्कळ पुढं होती, आणि पौषातलं पाणी हाडात शिरत होतं. पण महाविद्यालयाचे चार विद्यार्थी उतरले होते, ते सगळे तिच्या मागं राहिले. एक तर अर्ध्यावरून डोंग्यात बसून परत आला. समोरच्या घाटावर निकाल घेणारा उभा होता. ती बाहेर आली तेव्हा तो दुसरीकडं बघू लागला. तिच्यानंतर आलेल्या विद्यार्थ्याला तिसरा म्हणून जाहीर केलं.

आणि गाव? गाव हसलं. ओल्या लुगड्यात, काठीवाचून, हातांवर सरकत घाट चढणारी बाई बघून तिचंच गाव हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नथ्थू पाळीवरून धावत गेला आणि त्यानं आपली वाकळ तिच्या अंगावर टाकली. तेवढ्यात बापूजी तिथं पोचला. बायकोला आवरता येत नसेल तर गाव सोड, असं तो नथ्थूला म्हणाला. नथ्थूनं वर पाहिलं.

“ते पोहली, बापूजी,” तो म्हणाला. “तुम्ही पाहलं. साऱ्याईनं पाहलं. मंग काऊन नाई म्हणता?”

बापूजी मांडवाकडं चालू लागला. त्या दिवसापासून मनकर्णानं नवऱ्याला झिंगा म्हणणं सोडलं. बाकीच्या शिव्या चालू राहिल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी खैरुनबाई भिंती धरत धरत तिच्या दारात आली. म्हणाली, गुडघे रात्रभर ठणकतात, मले बी पाण्यात घेऊन चाल. मनकर्णानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, की बुडाली तर तुह्या लेकाले काय सांगू? खैरुनबाई म्हणाली, सांग का सुटली एकदाची.

म्हशी बसायच्या त्या कोपऱ्यात मनकर्णानं तिला छातीभर पाण्यात नेलं. खैरुनबाई आधी किंचाळली, मग गप्प झाली. कित्येक वर्षांनी तिचे गुडघे तिचं वजन उचलत नव्हते. ती पाण्यात उभ्या उभ्या चालली, आणि मग रडायला लागली. मनकर्णा म्हणाली, “रडून तलाव खारा नोको करू. हात हालव. भाकर नाई थापून राह्यली तू.”

हळूहळू आणखी माणसं आली. आंधळा जंगू आला. वच्छला आली, बाळंतपणात कंबर धरलेली. ज्या बायका पदराआड हसल्या होत्या त्यांतल्याही दोघी आल्या, आणि मनकर्णानं त्यांना पहिल्या दिवशी मुद्दाम नाकातोंडात पाणी जाऊ दिलं. कोणाचा पाय बरा झाला नाही, कोणाची दृष्टी आली नाही. खैरुनबाईचे गुडघे पुढच्या पावसाळ्यात आणखी सुजले. पण दुपार झाली की त्या कोपऱ्यातून हसण्याचा आवाज येई, लोक त्याला मनकर्णाचा घाट म्हणू लागले, आणि म्हशींना दुसरी जागा शोधावी लागली.

एकोणसाठ साली आगटे परत आले. सोबत छायाचित्रकार होता. त्यांना कुठूनतरी कळलं होतं, आणि पाळीवर उभं राहून ते बापूजीला सांगत होते की हे आपल्या शिबिराचं फळ आहे, बी पेरलं ते उगवलं. बापूजी हो हो म्हणत होता. मग आगट्यांनी पाण्यातल्या माणसांना काठाशी यायला सांगितलं. गुडघे मोजायचे होते, चित्र घ्यायचं होतं.

कोणी हललं नाही. सगळे मनकर्णाकडं बघत होते.

“मोजाचं असन तर साहेबानं इथी यावं,” ती म्हणाली. “बाहेर निघून पाय दाखवत नाई आमी.”

आगट्यांनी बूट काढले, विजार दुमडली, घोट्याइतक्या पाण्यात आले आणि थांबले. त्यांना पोहता येत नव्हतं. मग त्यांनी तिथूनच विचारलं, की याचा तुम्हाला नेमका फायदा काय होतो? खैरुनबाईला प्रश्न कळला नाही. तिनं तो पुन्हा विचारायला लावला.

“फायदा कायचा?” ती म्हणाली. “मजा येते.”

आगटे मागं वळले. छायाचित्रकारानं काठावरून एक चित्र घेतलं. त्यात लांबवर पाण्यावर काळी डोकी तेवढी आली असतील. जीप निघून गेली. जंगूनं विचारलं, साहेब गेले काय? वच्छलानं सांगितलं, गेले. मग त्यानं एक लांब बुचकळी मारली, आणि तो कुठं वर येतो यावर बायकांची पैज लागली.