पहिला तुकडा

"आदी मी, मंग तुमी!" भाकरी उतरली की ती पोरांचे हात बाजूला सारायची आणि पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायची. पोरं भुकेनं रडत असली तरी.

तुम्ही आमच्या शिरवण्यात असतात, तर तिला हावरीच म्हणाला असतात. आमच्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तेही टोपात काही उरलं तर. आणि ही कातकरीण नातवंडांच्या आधी!

मिठागरात आम्ही दोघी जोडीनं मीठ वाहायचो. पावसाळ्यात मिठागर बंद पडलं की आमच्या घरात भात असायचा, तिच्या झोपडीत काहीच नाही. वर आईबाप मेलेली दोन नातवंडं पदरात. मग ती डोंगरातून कडूकंद खणून आणायची. तसाच खाल्ला तर जीव घेणारा कंद. त्याच्या चकत्या करून राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर वहाळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे विष उतरायचं. मग ठेचून, मूठभर तांदळाचं पीठ घालून भाकऱ्या थापायच्या.

एकदा मी तिला टोचलंच, "म्हातारे, एवढी काय वखवख? पोरांना दे की आधी!"

ती हसली. "कडू ऱ्हायला असंल तं मी मरंन, पोरां नाय. दिस कलला नि मी बरी असली, का मंग ती खातील."

घरी सासूला सांगितलं, तर ती म्हणाली, "हावरटपनाला सबब बरी हाय!" एकदा नाव ठेवलं की सोडवत नाही हो माणसांना.

मग कारखान्यांसाठी रस्ता आला. भराव पडला, वहाळ अडला, पाण्याचं डबकं झालं. ती मडकं घेऊन आमच्या तलावाशी आली. कातकऱ्यांनी तलावाला हात लावायचा नाही, म्हणून लांबच उभी राहिली. "तुमीच वरून वता, बाय. घडीघडी पानी बदलीन, कडू जाईल."

मी घागर उचलली, तर सासूनं माझं मनगट धरलं. "तिच्या इखाला आमचा पानी? चल, हो घरा!"

म्हातारी गेली. टोपली डबक्यातच बुडवली असणार, दुसरं काय करणार बिचारी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पदराखाली भात झाकून तिच्याकडे गेले. पोरं दारात रडत होती. थोरली म्हणाली, "आजी उठं नाय. भाकर देत नाय."

ती चुलीपाशी आडवी होती, गार पडलेली. भाकऱ्या टोपलीखाली झाकलेल्या आणि टोपलीवर पाटा. पोरांना हलणार नाही असा जड. मी तो सरकवला. वरच्या भाकरीचा फक्त एक तुकडा मोडलेला होता.

पोरांना भात भरवला, भाकऱ्या चुलीत जाळल्या आणि घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बघ, मेली तरी आदी जेवूनच मेली."