चुन्याची शेड आणि बापूरावांचा डोळा

चार माणसं आणि एक चहाची किटली हंगामभर एकाच शेडखाली ठेवली, की किस्से आपोआप साठतात. आमची शेड श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यातली, चुन्याची. साल सत्तर-एकाहत्तर. मी शिफ्ट केमिस्ट आणि बापूराव मुकादम. कळीचा चुना पाण्यात भिजवायचा आणि ते पांढरं पाणी उसाच्या रसात सोडायचं, म्हणजे गाळ खाली बसतो. आमच्याशिवाय साखर काळीच निघाली असती, हे आम्ही भेटेल त्याला ऐकवायचो!

*

बापूरावांचा नियम एकच. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. एकदा छताचा पत्रा गळला आणि चुन्याची पोती भिजून वाफा निघायला लागल्या. पाथर्डीकडून नुकत्याच आलेल्या वॉचमनला तो धूर वाटला. त्याने बादलीभर पाणी पोत्यांवर फेकलं. पोती फसफसून फुटली, तागाला जाळ लागला. तो धावत माझ्याकडे आला.

"सायेब, पान्यानं आग लागली!"

खरं तेच सांगत होता की!

*

चुना भिजताना पाणी उकळतं. थंडीत बापूराव त्यात अंड्यांचा बंद डबा सोडायचे. एकदा चीफ केमिस्ट तपासणीला आले नि चुना नीट तापलाय का, असं विचारू लागले. बापूरावांनी डबा काढून एक अंडं सोललं आणि त्यांच्यापुढे धरलं. साहेब आधी लाल झाले. मग म्हणाले, "मीठ आहे का?"

*

एकदा मात्र बाका प्रसंग आला. बापूराव टाकीत बांबूने ढेकूळ फोडत होते आणि गॉगल कपाळावर चढवलेला. ढेकूळ फुटलं नि चुना उडाला तो थेट डोळ्यात. कुणी तूप आणायला पळालं, कुणी जीप काढली. मी दोघांनाही थांबवलं. चुन्यापुढे आधी पाणी, भरपूर पाणी. नळाखाली त्यांचं डोकं दाबलं आणि बोटांनी पापणी उघडी धरली.

"सोडा सायेब, जीप उभी हाय," ते कुडकुडत म्हणाले. मी सोडलं नाही. या माणसाचा डोळा गेला तर, या विचाराने नळ आणखी मोठा केला. डोळा चांगला धुऊन झाल्यावरच नगरला दवाखान्यात नेलं.

पट्टी सोडायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. डॉक्टरांनी चांगला डोळा झाकला, बोटं वर केली आणि विचारलं, किती? बापूराव बघतच राहिले. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"बोटं दोन हायेत," बापूराव म्हणाले. "पन तुमच्या मागच्या भिंतीला चुन्याचा येकच हात दिलाय, डॉक्टरसायेब. अजून येक द्या."