अर्लीन कुचेराची लीग

अर्लीन कुचेरा ब्लूस्टेम कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, तेव्हा मुलींसाठी लीग नव्हतीच. नेब्रास्का आणि आसपासच्या लहान कॉलेजांची एक जुनी लीग होती, पण ती मुलांची. पोरी खेळायच्या मुलांनी टाकून दिलेल्या बनियनांवर, आणि जिम मोकळी मिळायची ती मुलं जेवायला गेली की. एकदा अर्लीन उपाशीपोटी भडकून म्हणाली, "या लीगमध्ये शिरल्याशिवाय मी इथून हलायची नाही!"

ती खरंच हलली नाही. शिक्षण संपल्यावर तिथंच मुलींची कोच झाली आणि दरवर्षी लीगच्या सभेला न बोलावता जाऊन बसू लागली. "या बाईंना कुणी बोलावलंय?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "कुणीच नाही. म्हणूनच आलेय." शेवटी मंडळी वैतागली आणि मुलींना आत घेतलं.

पण ती आत शिरली आणि बाकीचे बाहेर पडायला लागले. ननांचं कॉलेज बंद पडलं, कारण नवीन नन होईनातच. ल्युथरन पंथाच्या कॉलेजनं फुटबॉलचं मोठं मैदान बांधलं आणि त्याला आपली जुनी सोबत लहान वाटू लागली. आयोवातलं एक जोडपं, म्हणजे एकमेकांचे हाडवैरी असलेली दोन कॉलेजं, हातात हात घालून एकाच दिवशी निघून गेली. प्रत्येक निरोपाच्या सभेत केक असायचा. अर्लीन शिवायचीसुद्धा नाही. "मयताचा केक मी खात नाही," म्हणायची.

होता होता पाच कॉलेजं उरली. आणि नियम असा, की सहा असतील तरच लीगच्या विजेत्याला देशपातळीच्या स्पर्धेत थेट जागा. अशा वेळी ब्लूस्टेमचे अध्यक्ष डॉक्टर थॉर्सबी यांनी तिला बोलावून घेतलं.

"अर्लीन, एका मोठ्या लीगनं आपल्याला विचारलंय. फार मोठी संधी आहे."

"सामने कुठं?"

"कॅन्सस, ओक्लाहोमा. थोडं टेक्सास."

"टेक्सास थोडं कधीपासून व्हायला लागलं? आणि पोरी वर्गात बसणार कधी?"

"बसमध्ये दिवे असतात की."

अर्लीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "डॉक्टर, तुम्ही एकदा बसा त्या उजेडात. रसायनशास्त्र वाचत, ओक्लाहोमापर्यंत."

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी काढली आणि उत्तरेला, साउथ डकोटात, लकोटा या मूळनिवासी जमातीच्या वस्तीवर गेली. तिथल्या व्हाइट बट कॉलेजनं लीगकडे दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच गेलं : रस्ता लांब पडतो. तितक्याच लांबच्या आयोवाबद्दल मात्र कुणी कधी कुरकुरलं नव्हतं.

व्हाइट बटच्या मुलींची कोच होती डेल्फीन यलो हॉर्स. अर्लीनहून बरीच तरुण, बोलायला मोजकी. तिनं कॉफी पुढं केली.

"आमचा अर्ज फेटाळला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"आरडाओरडा केला. कोचला मत नसतं."

"आम्हाला इथं ऐकू आला नाही."

अर्लीननं कप खाली ठेवला. डेल्फीननं तो पुन्हा भरला आणि म्हणाली, "आता सहावं कॉलेज कमी पडतंय म्हणून आठवण झाली. असू दे. पण अर्ज-बिर्ज नंतर. आधी पोरींना घेऊन इथं खेळायला या."

थॉर्सबींनी साफ नकार दिला. सामना लीगचा नाही, तेव्हा कॉलेजची बस मिळणार नाही. मग अर्लीनचा नवरा मिलो आपला पिकअप घेऊन आला, दोन खेळाडूंच्या आयांनी गाड्या काढल्या, आणि सगळी वरात भर जानेवारीत निघाली.

व्हाइट बटच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत गुडघ्यांवर घोंगड्या घेतलेल्या आज्या, कोपऱ्यात ढोल घेऊन बसलेले पुरुष. सामना सुरू झाला आणि ब्लूस्टेमच्या पोरींना चेंडू दिसेनासाच झाला. डेल्फीनच्या पोरी पळायच्याच तशा. मध्यंतरापर्यंत निकाल लागल्यातच जमा होता. सामन्यानंतर आज्यांनी हरलेल्यांना ओढून नेऊन आधी वाढलं : गोमांसाचं गरम सूप आणि तळलेला पाव.

ब्लूस्टेमच्या कप्तान पोरीनं खाता खाता विचारलं, "कोच, या पोरी लीगमध्ये नव्हत्या म्हणून आपण जिंकत होतो का?"

"हो," अर्लीन म्हणाली. "आता खा."

वसंतातल्या सभेत थॉर्सबींनी उभं राहून ब्लूस्टेम लीग सोडत असल्याचं जाहीर केलं. कुणीतरी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून अर्लीन उठली.

"कॉलेज जातंय. मी नाही जात."

"म्हणजे काय?" थॉर्सबी गोंधळले. "तुम्ही आमच्या कोच आहात."

"होते. आत्तापर्यंत." ती उरलेल्या चार कॉलेजांच्या प्रतिनिधींकडे वळली. "तुम्हाला सेक्रेटरी लागेल. पगाराचं नंतर बघू. पहिलं काम, व्हाइट बटला आत घ्यायचं. ज्याला रस्ता लांब वाटतो त्यानं आत्ताच बोलावं. मी जाऊन आलेय त्या रस्त्यानं."

चौघांनीही हात वर केले. व्हाइट बट आत आलं. सहावं हवं होतं म्हणून अर्लीननं उन्हाळाभर हिंडून एक शेतकी कॉलेज अक्षरशः ओढून आणलं. लीग जगली.

गावात मात्र तिला हे महागात पडलं. बेकरीत ओळखीची माणसं पाठ फिरवायची. ज्या जिममध्ये तिचं आयुष्य गेलं तिथं तिला कुणी बोलावेना. रविवारी चर्चमधून परत येताना मिलो एकदा म्हणाला, "माफी मागून टाक, मोकळी हो."

"कसली माफी? पळून ते गेले!"

काही वर्षांनी ती मोठी लीग फुटली. धनाढ्य कॉलेजं आणखी मोठ्या लीगकडे धावली आणि ब्लूस्टेम टेक्सासच्या वाटेवर एकटंच उरलं. थॉर्सबी केव्हाच दुसरी नोकरी धरून गेले होते. नव्या अध्यक्षबाई सभेत येऊन नम्रपणे म्हणाल्या, "आम्हाला परत यायचंय."

अर्लीननं टेबलावर हात आपटला. "मुळीच नाही! सेक्रेटरीला मत नसतं हे मला माहीत आहे, पण कान सगळ्यांना आहेत."

डेल्फीन आता व्हाइट बटच्या वतीनं मत द्यायला बसायची. तिनं हात वर केला. "आमचं मत, घ्या त्यांना."

"डेल्फीन! तू?"

"दाराबाहेर किती थंडी असते ते आम्हाला विचार. शिवाय बाकीच्यांपेक्षा ब्लूस्टेम आम्हाला जवळ आहे. माझ्या पोरी सामन्याच्या रात्रीच आपापल्या घरी झोपतील."

"मी अजून रागावलेली आहे, सांगून ठेवते."

"राहा की रागावलेली. कोण नको म्हणतंय? पण वेळापत्रक कर."

ब्लूस्टेम आत आलं. अर्लीननं वेळापत्रक केलं, आणि त्यांचे सगळे लांबचे सामने जानेवारीच्या ऐन बर्फात टाकले. ब्लूस्टेमच्या तरुण कोचचा फोन आला. "बाई, हे जरा अन्यायाचं नाही का? रस्ते बंद असतात तेव्हा."

"चाकांना साखळ्या लाव," अर्लीन म्हणाली, "आणि लवकर निघ. मीही सामन्यांना येतेय, माझी गाडी तुझ्या पुढं असेल."