म्हशीची चड्डी काढणाऱ्या शोभा मॅडम

त्यांना "आदर्श शिक्षिका" म्हणणं बंद करा. जिवंत होत्या तेव्हा तुम्हीच "थिल्लर बाई" म्हणत होता.

शोभा मॅडम काल गेल्या.

सकाळपासून आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि समया येऊन राह्यल्या. एकानं टाकलेला मेसेज सतरा जणांनी जसाच्या तसा फॉरवर्ड केला. त्यात शोभाचं शोभना झालंय. सतरातल्या एकालाही दिसलं नाही.
आणि हे लोक पोरांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासतात!

डोणगावच्या पलीकडे एका जिल्हा परिषद शाळेत मी आणि मॅडम अकरा वर्षं सोबत होतो. मी चौथीला, त्या पहिलीला.

चित्रांची पुस्तकं त्या स्वतः बनवायच्या. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर, स्केचपेननं. मग मधोमध सुईदोऱ्यानं शिवायच्या.

सगळ्यात गाजलेलं पुस्तक, म्हशीची चड्डी.

गोष्ट एवढीच. म्हशीची चड्डी हरवते. ती मेहकरच्या बसस्टँडवर कंडक्टरला विचारते, मग सरपंचाला, मग डॉक्टरला. प्रत्येक जण गंभीर चेहऱ्यानं तिला भलतंच काही देतो. कोणी छत्री, कोणी कढई.
आणि चड्डी पहिल्या पानापासून तिच्या शिंगांवरच असते. पुस्तकातल्या एकाही मोठ्या माणसाला दिसत नाही. पोरांना दिसते.

बस.

मॅडम मुद्दाम चुकीचं वाचायच्या. "म्हशीचा चष्मा हरवला."
"चष्मा नाई मॅडम! चड्डीऽऽ!" अख्खी पहिली ओरडायची.
"हाव का? मले तं चष्माच दिसते बाप्पा."
मग सतरंजीवर नुसती लोळण.

अल्फिया नावाची एक पोरगी होती. अक्षर म्हटलं की तोंड फिरवायची. एक दिवस तिनं मॅडमच्या हातातून पुस्तक ओढलं आणि शब्दावर बोट आपटलं.
"हे पाहा. च... ड्डी. कुठं लिहलाय चष्मा? तुमाले वाचता येत नाई काय?"

मॅडम धावत माझ्या वर्गाच्या दारात आल्या. "सर, पोट्टी वाचून राह्यली! जोडाक्षर वाचलं तिनं!"

सहा वर्षांच्या माणसाला दिवसभर जो तो शिकवत असतो. या पुस्तकात उलटं होतं. मोठे सगळे मठ्ठ, आणि शहाणा फक्त वाचणारा.
एवढं समजायला डी.एड. लागत नाही. झालेल्यांनाच समजत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बुलढाण्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. तीन परीक्षक. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र. एकानं ते पुस्तक दोन बोटांत उचललं, ओलं फडकं उचलतात तसं.

"यातून मुलांनी काय बोध घ्यायचा, बाई?"
"काई नाई सर. हसाचं."
"आणि चड्डी? संस्कार म्हणून काही असतं की नाही?"
"सर, पोट्टे चड्डी घालूनच येतात शाळेत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेब तापले. "थिल्लर" हा शब्द तेव्हाचा.
तो ऐकून आमच्या मुख्याध्यापकांनी परत आल्यावर सगळी पुस्तकं कपाटात कोंबली आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. त्या कपाटात उंदीर आहेत हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. पुढचं सांगत नाही.

पहिलं बक्षीस मिळालं "सद्गुणांचा वृक्ष" नावाच्या तक्त्याला. फांद्यांवर सत्य, शिस्त, नम्रता. वर्षभर भिंतीवर होता. एकाही पोरानं मान वर करून पाहिला नाही.

तो तक्ता माझा होता.

मी मॅडमच्या शेजारीच उभा होतो. अल्फियाचं मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. मी गप बसलो आणि टाळ्या घेतल्या.
ते परीक्षक परवडले. ते निदान मूर्ख होते. मी भित्रा होतो.

मॅडम मला कधी टोचून बोलल्या नाहीत. रिटायर होईपर्यंत फळ्यावर खडूनं म्हैस काढत राहिल्या. साहेब येणार म्हटलं की पुसायच्या, साहेबांची गाडी वळली की परत काढायच्या.

मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटलो. आवाज पार बसला होता.

"सर, पहिलीले आता कोन वाचून दाखवते?"
"मीच दाखवतो मॅडम."
"काऊन खोटं बोलता?"
मी खाली पाहिलं.
"पोट्ट्यायसमोर येडं व्हायची लाज वाटते ना? मलेबी वाटे. दोन दिवस वाटते, मंग नाई वाटत."

उद्या शोकसभा आहे. तेव्हा "थिल्लर" म्हणणारे परीक्षक आता आणखी मोठे साहेब झालेत, तेच अध्यक्ष. संस्कारांवर बोलतील. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं.

मी नाही म्हटलं. त्या वेळात मी पहिलीच्या वर्गावर असेन, तसं शाळेत सांगून टाकलंय. काय वाचणार ते अजून ठरलं नाही. बोध नसलेलं काहीतरी.

मॅडम, नमस्कार.
यायला मला फार उशीर झाला.