बुधवारी खोटं बोलणाऱ्या बाई

मी शाळेत रुजू झालो तो दिवस बुधवार होता, आणि गजभिये बाई तिसरीच्या वर्गात धडधडीत खोटं शिकवत होत्या. "कोळ्याले सहा पाय असतात," असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मी दारातच थबकलो. आंधळगावच्या पुढची ती दोन शिक्षकांची शाळा. एक बाई आणि दुसरा नवाकोरा शिक्षणसेवक, म्हणजे मी. मधल्या सुट्टीत, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने, मी म्हणालो की कोळ्याला बहुधा आठ पाय असावेत. बाईंनी डबा उघडला, ठेचा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही लय मागं राहिले. समोरच्या पोरीनं ते केव्हाच पकडलं."

बाई वरठीहून लुनावर यायच्या. नवरा तिकडच्या कारखान्यात. अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानापलीकडे जाणारा. त्यांच्या वर्गात प्रत्येक वाराला एक काम नेमलेलं असे. सोमवारी मिळेल ते मोजायचं, म्हणजे बाक वितींनी आणि मैदान पावलांनी. मंगळवारी प्रत्येकाने घरची एक बातमी सांगायची. गावात कोणाची म्हैस व्याली हे मला सरपंचाआधी कळू लागलं ते त्यामुळेच. आणि बुधवारी बाई शिकवता शिकवता एक खोटी गोष्ट सोडून देत. पोरांनी ती पकडायची. बाईंनी सांगितलं म्हणून खरं, असं एकाही पोराने म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

नुसतं 'खोटं आहे' म्हणून मात्र सुटका नव्हती. "पकडलं तं पकडलं," त्या म्हणत, "आता कसं पकडलं ते सांग." त्या दिवशी दुपारी सगळा वर्ग बाटली घेऊन कडुनिंबामागे कोळी शोधायला गेला. सापडलेल्या कोळ्याचा नेमका एक पाय तुटलेला होता. तो वाद शनिवारपर्यंत चालला आणि बाई तो मिटू देईनात.

ही सवय पोरं घरी घेऊन गेली, तेव्हा पंचाईत झाली. रंजना नावाच्या पोरीचे वडील मनोहरभाऊ हातमागावर विणायचे. सूत आणायला तुमसरला गेलो होतो, असं त्यांनी एका संध्याकाळी घरात सांगितलं. रंजनाने विचारलं की मग सूत कुठे आहे, आणि बस गावात यायच्या आधी तुम्ही घरी कसे पोचलात. मनोहरभाऊ देवळामागे पत्ते खेळत बसले होते. दुसऱ्या दिवशी ते तणतणत शाळेत आले. तुमच्यापायी घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही, असं ते म्हणाले. बाईंनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि पुढच्या बुधवारी त्यांनाच वर्गावर उभं केलं. मागाची माहिती सांगायची आणि त्यात एक थाप मिसळायची. मनोहरभाऊंनी ती इतक्या सफाईने मिसळली की वर्ग हरला, रंजना हरली, बाईही हरल्या. "बाईले हरवलं," असं ते गावभर सांगत फिरले. पुढे ते न बोलावताही येऊ लागले.

मग एका बुधवारी न कळवता विस्तार अधिकारी आले. बाईंचा वर्ग रंगात होता. वैनगंगा आपल्या गावाच्या तळ्यातून निघते, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. साहेब मागच्या बाकावरून ताडकन उठले. त्यांनी बाईंना बाजूला केलं, खडू घेतला आणि वैनगंगा सातपुड्यातून कशी येते ते सांगितलं. इथवर सगळं बरोबर होतं. पण पुढे ते आपल्या जिल्ह्याच्या तालुक्यांकडे वळले आणि त्यात गोंदियाही मोजून मोकळे झाले. जिल्हा तुटून काही वर्षं झाली होती, तरी साहेबांची जीभ अजून अखंड भंडाऱ्यात फिरत होती.

रंजनाचा हात वर गेला. "साहेब, पकडलं."

कसं पकडलं हे कोणी विचारीना, तेव्हा तिने आपणहूनच सांगितलं. "गोंदिया आता वेगळा जिल्हा होय. माह्या मामाच्या गाडीच्या नंबरात एमएच पस्तीस लिहून आहे. आपल्या इकडच्या गाडीवर छत्तीस राहते."

साहेब चहा न घेता गेले. सोमवारी बाईंना खुलासा मागणारा कागद आला. मुलांना चुकीचं शिकवता, तुमच्यावर कारवाई का करू नये, असा त्याचा सूर होता. बदलीचीही कुजबुज सुरू झाली. मनोहरभाऊ ट्रॅक्टर भरून माणसं न्यायला तयार होते. मला तर भांडण हवंच होतं. बाईंनी दोघांनाही गप्प बसवलं आणि शुक्रवारी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तालुक्याला आल्या.

साहेबांसमोर बाई इतक्या गरीब चेहऱ्याने उभ्या राहिल्या की मीच ओळखलं नसतं. "साहेब, पोरं विचारून राहिले होते, का साहेब गोंदियाचं मुद्दाम बोलले का म्हणून. मी म्हटलं, हो. आपला बुधवार साहेबाले ठाऊक होता. त्यायनं तुमची परीक्षा घेतली."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे... मुद्दामच. पोरगी हुशार आहे." कागद टेबलाच्या खणात गेला. निघताना बाई दारात थांबून म्हणाल्या की पोरं आता साहेबांची वाट पाहतील.

परतताना मी त्यांना आठवण करून दिली की आज बुधवार नाही, शुक्रवार आहे. त्या म्हणाल्या, "सर, समोर पाहून गाडी चालवा."

साहेब खरंच येऊ लागले. घरून तयारी करून येत, पण त्यांच्या थापा फारच कच्च्या असत. बाईंनी पोरांना बजावून ठेवलं होतं की लगेच हात वर करायचे नाहीत, साहेब दुरून येतात.

पुढे रीतसर बदल्यांमध्ये बाई साकोलीकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका शाळेत गेल्या. त्यांचा बुधवार मी जिवापाड सांभाळला. वर्षभर थापा जुळवून ठेवी. काही वर्षांनी एका लग्नाला साकोलीला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या शाळेत गेलो आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की बुधवार अजून सुरू आहे.

"काहून?" त्यांनी विचारलं. तुमचा आहे म्हणून, मी म्हणालो. इथे मी तो केव्हाच सोडला, त्या म्हणाल्या. इथली पोरं मास्तरासमोर तोंडच उघडत नव्हती. त्यांच्यापुढे खोटं बोलून करायचं काय? "ते त्या पोरायसाठी होतं, सर. या पोरायले आधी बोलतं कराव लागते."

म्हणून तिथे गुरुवारी पोरं मास्तर होत आणि बाई विद्यार्थी. मी गेलो तो नेमका गुरुवार होता. एवढीशी एक मुलगी छडीसारखी काडी हलवत खुर्चीवर बसली होती. तिने मलाही जमिनीवर बसवलं आणि एक पान पुढे धरलं. कोणतं झाड? मी ठामपणे ऐन म्हणालो. ते धावड्याचं निघालं. तिने फार वेळ न घालवता मला कान पकडून भिंतीशी उभं केलं. बाई तिथे आधीपासूनच कान पकडून उभ्या होत्या.

मला हसू आवरेना. बाई समोर बघत, ओठ न हलवता पुटपुटल्या, "हसू नका सर. ते पोरगी वेळ वाढवते."