अकरा वाजून चार मिनिटं

आमचे घड्याळ सर मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधत. वेळ बघायला त्यांना हात उताणा करावा लागे. मागच्या बाकावर आम्ही कुजबुजायचो, "सर मागायलेत बघ!" पण सरांनी कुणाकडं काही मागितलं नाही, आणि कुणाला एक मिनिटही जास्त दिलं नाही.

बारावीच्या फॉर्मची शेवटची वेळ पाचची होती. एसटी वाटेत बंद पडली. मी पळत पोचलो तेव्हा सर फॉर्मच्या गठ्ठ्याला सुतळी गुंडाळत होते. गाठ अजून पडली नव्हती. त्यांनी हात उताणा केला. "पाच दहा. पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी वडिलांनी मला आमच्या गावात, झरीत, दुकान टाकून दिलं. आधी झेरॉक्स, मग ऑनलाइन फॉर्म. सगळ्या गावाचे फॉर्म मी वेळेत भरले.

निवृत्तीनंतर सर मुलीला, वैशालीला, घेऊन आले. तिला एम.एस्सी.ला जायचं होतं. घरात एकच साधा मोबाईल. "तुझाच मेल टाक. माझा विद्यार्थी हायेस तू."

बुधवारी मेल आला: उद्या सकाळी दहाला पुण्यात मुलाखत. वाचला आणि मला ती सुतळी दिसली. चार वाजता सर स्वतः दुकानात आले.

"काही आलं का रे?"

"न्हाई, सर."

कबूल करतो, पंचवीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊला प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. "आत्ताच पाहिला, सर." वैशालीचा इस्त्रीचा ड्रेस आठ दिवस खुंटीला टांगलेला होता. तिनं तो काढला आणि त्याची घडी घालू लागली.

सर कुठलाही कागद हातात आला की आधी वेळ बघत, हे मी विसरलो होतो. वर छापलं होतं: बुधवार, सकाळी ११.०४.

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "गाठ पडली नव्हती त्या दिवशी. माझ्या लक्षात हाय."

मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिला घेऊन पुन्हा माझ्याच दुकानात आले. ती म्हणाली, "बाबा, औंदा माझाच मेल काढू की."

"नको. याचाच टाक."

त्या वर्षी मेल आला तेव्हा मी गिऱ्हाईक तसंच सोडून, प्रिंट घेऊन अनवाणी पळालो. सरांनी वरची वेळ वाचली आणि हात उताणा केला. "तीन मिनिटं," एवढंच म्हणाले.

सर आता नाहीत. वैशाली पुण्यात शिकवते. गावी आली की दुकानात पेढे आणते, नवऱ्याला सांगते, "या काकांमुळं माझी मुलाखत झाली." मी पेढा घेतो. पहिल्या वर्षीचा तो कागद सरांनी मला परत दिला नव्हता. त्यांनी कागद कधी फेकले नाहीत. बाबांचं घर आवरायचं अजून राहिलंय, असं ती दर वेळी म्हणते.